मोहल्ला समिती : भिवंडीचा प्रयोग आणि त्याचा आजचा अर्थ

प्रस्तावना

दंगलीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. दंगल कशी पेटली, कोणी पेटवली, पोलीस कुठे होते, किती माणसे गेली, याच्या चौकश्या होतात, आयोग नेमले जातात, अहवाल छापले जातात. परंतु दंगल जेथे व्हायला हवी होती आणि झाली नाही, त्या गावाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. न घडलेल्या घटनेची बातमी होत नाही आणि तिचा पंचनामाही होत नाही. त्यामुळे ती टाळण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे कष्ट घेतले त्यांच्या कामाची नोंदही राहत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका न घडलेल्या दंगलीचा विचार करावयाचा आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई शहर जळत असताना, तेथून जेमतेम दोन तासांच्या अंतरावरील भिवंडी शांत राहिली. ज्या भिवंडीचे नाव १९७० आणि १९८४ च्या दंगलींमुळे देशभर झाले होते, तीच ही भिवंडी. हे कसे घडले, त्यामागे कोणती रचना होती, ती रचना पुढे कुठे तोकडी पडली आणि आज तिच्यातून काय घेता येईल, या चार प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

हा विषय आपल्या वाचकांपासून दूरचा नाही. अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातील हिंदू-मुस्लिम दंगलींची जी आकडेवारी गोळा केली, तिच्यावरून असे दिसते की दंगलींतील मृत्यूंपैकी खेड्यांतील मृत्यू ४ टक्क्यांहूनही कमी आहेत आणि जवळजवळ निम्मे मृत्यू केवळ आठ शहरांत झाले आहेत. त्या आठ शहरांत मुंबई, अहमदाबाद, दिल्ली आणि कोलकाता यांच्याबरोबर वडोदरा आणि हैदराबादही आहेत. म्हणजे या नियतकालिकाच्या अनेक वाचकांची घरे त्या यादीतील शहरांत आहेत. दंगल सर्वत्र सारखी पसरलेली नसते. ती ठराविक शहरांत आणि त्यांतही ठराविक वस्त्यांत पुन्हा पुन्हा होते. याचा दुसरा अर्थ असा की वस्तीच्या पातळीवर काम केल्यास ती रोखता येणे शक्य आहे.

शांतता : दोन अर्थ

नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये शांततेचे दोन प्रकार सांगितले. मारामारी थांबलेली आहे, एवढीच अवस्था असेल तर ती नकारात्मक शांतता होय. परस्पर व्यवहार न्यायाचे आहेत, तंटा उद्भवला तर तो सोडविण्याची सोय आहे आणि माणसांना एकमेकांची भीती वाटत नाही, ही अवस्था म्हणजे सकारात्मक शांतता. संचारबंदीमुळे पहिली मिळते. दुसरी संचारबंदीने मिळत नाही, ती उभारावी लागते. म्हणूनच गाल्टुंग यांनी पुढे ‘शांतता उभारणी’ असा शब्द वापरला आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस बुत्रोस घाली यांच्या १९९२ च्या निवेदनामुळे तो जगभर रूढ झाला.

या विचाराला जोडून दुसरी एक संकल्पना येते. ती म्हणजे वस्तीने स्वतःचे रक्षण करणे. येथे रक्षण याचा अर्थ लाठ्या गोळा करणे असा नाही. कोणता धोका येत आहे हे आधी ओळखणे, दुर्बळ घटक कोण आहेत हे माहीत असणे, अफवेची शहानिशा करणे, पोलिसांशी बोलू शकेल अशी माणसे तयार असणे आणि संकटकाळी शेजाऱ्याने शेजाऱ्याचे दार उघडणे, असा तो व्यापक अर्थ आहे. पोलीस, न्यायालय आणि शासन यांची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. उलट ती जबाबदारी त्यांना पार पाडावयास लावणे हाही या कामाचाच भाग असतो.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘अमन’ हा उर्दू शब्द ज्या अरबी धातूपासून आला त्याच धातूपासून ‘अमानत’ आणि ‘ईमान’ हे शब्द आले आहेत. सुरक्षितता, विश्वासाने सोपविलेली वस्तू आणि श्रद्धा हे तिन्ही अर्थ त्या एका कुळातले आहेत. मराठीने यातला ‘इमान’ जसाच्या तसा घेतला आणि ‘अमानत’चे ‘अनामत’ केले. शेतकऱ्याच्या तोंडचे इमान आणि निवडणुकीतील अनामत रक्कम ही अमनची भावंडे आहेत. विश्वासाशिवाय सुरक्षितता नाही, हे तत्त्व शब्दांच्या नात्यातच सांगितलेले आहे. भिवंडीचा प्रयोग हा मुळात याच विश्वासाचा प्रयोग होता.

भिवंडीची पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. कोकणी मुसलमान आणि आसपासच्या खेड्यांतील आगरी व कुणबी ही येथली जुनी वस्ती. उत्तर प्रदेशातून आलेल्या अन्सारी विणकरांनी मागाचा धंदा येथे रुजविला. पुढे तेलंगणातील पद्मशाली विणकर आले, गुजराती व मारवाडी सूत-व्यापारी आले आणि उत्तर भारतातील मजूर मोठ्या संख्येने आले. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, मागावर उभा राहणारा तिसरा आणि कापड उचलणारा चौथा, असा हा धंदा आहे. एका धर्माच्या माणसांना दुसऱ्या धर्माच्या माणसांवाचून तो चालविता येत नाही.

असे असूनही भिवंडीत दंगली झाल्या. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले. या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा भिवंडी, ठाणे, कल्याण आणि मुंबई या पट्ट्यात दंगल झाली. दोनशेहून अधिक माणसे त्यात मृत्युमुखी पडली. माग जाळले गेले, झोपड्या जाळल्या गेल्या आणि हजारो मजूर गावाकडे परतले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. धंद्यातील परस्परावलंबन शांततेला पुरेसे असते, तर भिवंडीत दंगल व्हायलाच नको होती. वार्ष्णेय यांचे या संदर्भातील प्रतिपादन महत्त्वाचे आहे. रोजचे येणेजाणे, शेजार, उधार-उसनवार हे संबंध खेड्यात किंवा लहान गावात पुरतात. मोठ्या शहरात ते पुरत नाहीत, कारण तेथे एक माणूस लाखो अनोळखी माणसांमध्ये राहतो. तेथे दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसतील अशा संघटना लागतात. कामगार संघ, व्यापारी मंडळे, वाचनालये, शिक्षणसंस्था, क्रीडामंडळे ही त्याची उदाहरणे. अशा संघटना मजबूत असतील तर तणावाच्या वेळी फोन कोणाला करायचा हे ठरलेले असते. भिवंडीत व्यवहार भरपूर होता, पण एकत्र बसण्याची जागा नव्हती.

समितीची रचना

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंगलीनंतर पोलिसांनी काय करावे याच्या सूचना पुष्कळ होत्या. दंगल होऊ नये म्हणून रोज काय करावे, या प्रश्नाकडे त्यांनी लक्ष वळविले. शहरात सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. प्रत्येक समितीत त्या वस्तीतील हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांची माणसे होती आणि प्रत्येक समितीशी पोलीस ठाण्यातील ठराविक कर्मचारी जोडलेले होते.

शांतता समिती आणि मोहल्ला समिती यांतील भेद येथे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुष्कळदा दोन्ही एकच समजल्या जातात. शांतता समिती जवळजवळ प्रत्येक पोलीस ठाण्यात असते. सण जवळ आला की तिची बैठक बोलावली जाते. पुढाऱ्यांना, प्रतिष्ठितांना आणि मंडळांच्या अध्यक्षांना निमंत्रण जाते, सहकार्याचे आवाहन होते, चहापान होते आणि पुढच्या सणापर्यंत ती विसर्जित झाल्यासारखीच असते. मोहल्ला समिती तीन बाबतींत वेगळी होती.

पहिली बाब म्हणजे माणसे. ती शहराच्या पुढाऱ्यांची समिती नव्हती. आपल्या गल्लीबाहेर ज्याला कोणी ओळखत नाही, पण गल्लीत ज्याच्या शब्दाला मान आहे, असा दुकानदार, मागवाला, शिक्षक किंवा कामगार तिच्यात होता.

दुसरी बाब म्हणजे नियमितपणा. सण असो वा नसो, बैठक व्हायची. तणाव नसताना भेटलेली माणसेच तणावाच्या वेळी एकमेकांवर विश्वास ठेवू शकतात. ज्याला आपण प्रथमच भर दंगलीत भेटतो, तो कितीही भला असला तरी त्याचे म्हणणे खरे मानायला मन धजत नाही.

तिसरी बाब म्हणजे विषय. बैठकीत जातीय सलोख्यावर भाषणे अपेक्षित नव्हती. नळाचे पाणी, तुंबलेली गटारे, रस्त्यावरची दुकाने, मुलांची भांडणे, भाडेकरूचा वाद, नवरा-बायकोचा तंटा असे विषय पुढे येत. अशा वादात एक बाजू हिंदू आणि दुसरी मुसलमान असली की त्याला धर्माचा रंग चढायला वेळ लागत नाही. तो चढण्याआधीच वाद मिटला, तर पुढचा अनर्थ टळतो. शिवाय ज्या माणसांनी मिळून एखादे गटार साफ करून घेतले आहे, त्यांना एकत्र काम करण्याची सवय लागलेली असते.

या रचनेचा परिणाम पोलिसांवरही झाला, आणि तो अनेकदा दुर्लक्षिला जातो. साध्या शिपायाला वस्तीतील माणसे नावानिशी ओळखू लागली आणि तोही त्यांना ओळखू लागला. एरवी पोलीस वस्तीत शिरतो तो धरपकडीसाठी. येथे तो बैठकीसाठी येऊ लागला. मुस्लिम वस्तीत पोलिसांविषयी जो दुरावा असतो आणि पोलिसांच्या मनात अशा वस्तीविषयी जे ग्रह असतात, ते दोन्ही समोरासमोर बसल्यावाचून कमी होत नाहीत.

१९९२ ची कसोटी

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि देशातील अनेक शहरांत दंगली उसळल्या. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ अशा दोन टप्प्यांत हिंसाचार झाला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार त्यात ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. उरलेल्या ५० पैकी ४५ जणांची ओळख पटली नाही आणि ५ जण अन्य समाजांचे होते.

या काळात भिवंडीत दंगल झाली नाही. खोपडे यांची तोपर्यंत भिवंडीतून बदली झालेली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. रचना उभारणारा अधिकारी गेल्यावरही ती टिकली, कारण नंतरच्या अधिकाऱ्यांनी ती मोडली नाही आणि वस्तीतील माणसांनी ती आपली मानली होती. समित्यांचे सदस्य आणि पोलीस मिळून वस्त्यांत फिरत राहिले आणि आपापल्या गल्लीतील तरुणांना आवरत राहिले.

केवळ समित्यांमुळेच भिवंडी वाचली, असा दावा करणे धाडसाचे ठरेल. १९८४ च्या होरपळीची आठवण ताजी होती. दंगल म्हणजे मागाचा महिनोन्महिने बंद, हे मालक आणि मजूर दोघांनाही ठाऊक होते. तथापि १९७० ची आठवण १९८४ मध्येही होतीच आणि ती कामी आली नव्हती. आठवणीला आणि धंद्याच्या हिताला कृतीचे रूप देणारी यंत्रणा १९८४ मध्ये नव्हती, १९९२ मध्ये होती. एवढा फरक मान्य करावाच लागतो.

अफवा आणि तिचा बंदोबस्त

समितीच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे विचारल्यास अफवेची शहानिशा असे उत्तर द्यावे लागेल. ‘अफवा’ हा शब्द अरबीतील ‘अफवाह’पासून आला. तो ‘तोंड’ या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन आहे. अफवा म्हणजे शब्दशः तोंडे. तिला बाप नसतो, कारण ती एका तोंडातून आलेली नसते. ‘असे म्हणतात’ हाच तिचा आधार.

अफवा पसरते ती माणसे मूर्ख असतात म्हणून नव्हे. पलीकडच्या गल्लीत काय चालले आहे हे जाणून घेण्याचे साधन नसते तेव्हा ती पसरते. दंगलीपूर्वीच्या वातावरणात हिंदू वस्तीत मुसलमान जमल्याची आणि मुस्लिम वस्तीत हिंदू जमल्याची बातमी एकाच वेळी फिरत असते. दोन्हीकडची माणसे बचावासाठी म्हणून बाहेर पडतात आणि एकमेकांना पाहून दोघांचीही खात्री पटते की बातमी खरी होती. पलीकडच्या गल्लीतील एक ओळखीचा, भरवशाचा माणूस ‘इकडे काही नाही, मी स्वतः नाक्यावर उभा आहे’ असे सांगू शकला, तर ही साखळी तुटते. समितीने असा माणूस प्रत्येक गल्लीत उभा केला.

आज अफवेचा वेग वाढला आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरील स्टेटसवरून तणाव झाला, दगडफेक झाली आणि इंटरनेट सेवा बंद करावी लागली. मार्च २०२५ मध्ये नागपुरात निदर्शनांच्या वेळी पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि हिंसाचार होऊन शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागू झाली. तोंडांची जागा मोबाइलच्या पडद्यांनी घेतली असली तरी अफवेचे शास्त्र बदललेले नाही. इंटरनेट बंद केल्याने खोटी बातमी थांबते, पण तिचे खंडन करणारा खरा निरोपही त्याबरोबर थांबतो. ओळखीच्या माणसाची गरज म्हणून कमी झालेली नाही, वाढली आहे.

मुंबई आणि धारावी

दंगलीनंतर १९९४ मध्ये मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांचा त्यात पुढाकार होता. भिवंडीत समित्या पोलिसांनी उभारल्या होत्या. मुंबईत नागरिक आणि पोलीस यांची ती भागीदारी होती आणि पुढे तिचा न्यास झाला. पोलीस आणि वस्तीतील तरुण यांचे क्रिकेट सामने, महिलांच्या बैठका, गणेशोत्सव व ईदच्या काळातील स्वयंसेवक असे कार्यक्रम तिने चालविले.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी केलेले काम या संदर्भात उल्लेखनीय आहे. वेगवेगळ्या धर्मांच्या वेशातील मुलांचे एकतेचा संदेश देणारे त्यांचे भित्तिपत्रक वस्तीवस्तीत लागले. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये ‘नाता’ नावाचा माहितीपट या दोघांच्या मैत्रीवर आणि धारावीवर केला. दंगलीने होरपळलेल्या वस्तीतून निघालेले हे काम वस्तीतीलच माणसांनी केले, हे त्याचे वैशिष्ट्य.

वाजिरचा दाखला

असे काम केवळ पोलिसांच्या पुढाकारानेच होते काय? या प्रश्नाचे उत्तर केनियाच्या ईशान्येकडील वाजिर जिल्ह्यात सापडते. हा सोमाली भाषक, मुस्लिम, पशुपालकांचा दुष्काळी प्रदेश. सर्व एका धर्माचे आणि एका भाषेचे, पण अजुरान, देगोदिया आणि ओगादेन या कुळांत वैर. शेजारच्या सोमालियातील शासन १९९१ मध्ये कोसळले, शस्त्रे स्वस्त झाली, त्यात दुष्काळ आला आणि वाजिरमध्ये कुळाकुळांत रक्तपात सुरू झाला.

येथे सुरुवात स्त्रियांनी केली. वैराची झळ बाजारापर्यंत आली होती. एका कुळाची स्त्री दुसऱ्या कुळाच्या स्त्रीकडून दूध-भाजी घेईना. काही स्त्रियांनी एकत्र येऊन ठरविले की बाजार सर्वांना मोकळा राहिला पाहिजे, आणि त्यावर देखरेख ठेवली. मग त्यांनी कुळांच्या ज्येष्ठांना एकत्र बसण्यास राजी केले. चर्चेचे सूत्र मुख्य प्रतिस्पर्धी कुळांऐवजी एका लहान कुळातील ज्येष्ठाकडे देण्यात आले, म्हणजे कोणाला पक्षपाताची शंका नको. १९९३ मध्ये ज्येष्ठांनी अल-फतह नावाने ओळखला जाणारा जाहीरनामा मान्य केला. १९९५ मध्ये स्त्रिया, ज्येष्ठ, तरुण आणि शासकीय अधिकारी यांची एकत्रित शांतता व विकास समिती झाली. या कामातील एक प्रमुख कार्यकर्त्या देखा इब्राहिम अब्दी यांना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. जिल्हा शांतता समित्यांची ही पद्धत पुढे केनियात इतरत्रही स्वीकारली गेली.

भिवंडी आणि वाजिर यांची तुलना बोधप्रद आहे. भिवंडीत आरंभ वरून झाला आणि तो खाली रुजला. वाजिरमध्ये आरंभ बाजारातून झाला आणि शासन नंतर आले. दोन्हीकडे समान असलेली गोष्ट अशी की कामाची सुरुवात रोजच्या गरजेपासून झाली, आणि काही काळाने शासनयंत्रणा व वस्ती एका टेबलाशी आल्या. यांपैकी एकच बाजू असती तर काम टिकले नसते.

२००६ : रचनेची मर्यादा

मोहल्ला समितीचे कौतुक करताना ५ जुलै २००६ हा दिवस विसरता येणार नाही. भिवंडीत निजामपूर पोलीस ठाण्याच्या इमारतीचे बांधकाम सुरू होते. ती जागा कब्रस्तानाची आहे असे सांगून स्थानिक मुसलमानांनी त्याला विरोध केला. निदर्शनाला हिंसक वळण लागले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन जण ठार झाले. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांची हत्या केली.

हा हिंदू-मुस्लिम दंगा नव्हता आणि त्याचे तसे रूपांतरही झाले नाही. परंतु ज्या शहरात पोलीस आणि वस्ती यांच्या मैत्रीचा आदर्श घालून दिला गेला, तेथेच ही चार माणसे गेली. यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

एक, समिती कधीच कायमची नसते. अधिकारी बदलतात, सदस्य म्हातारे होतात, नवी पिढी येते. बैठका थांबल्या की काही वर्षांत ओळखही संपते. १९९२ मध्ये विशीत असलेल्या तरुणाने समिती पाहिली होती. २००६ मध्ये विशीत असलेल्याने बहुधा ऐकलीही नसेल.

दोन, पोलीस स्वतःच वादातील पक्षकार असतील तर पोलिसांच्या पुढाकाराने चालणारी समिती मध्यस्थ होऊ शकत नाही. अशा वेळी वकील, शिक्षक, डॉक्टर, निवृत्त न्यायाधीश अशी दोघांनाही मान्य होणारी तिसरी माणसे हवीत. वाजिरमध्ये लहान कुळातील ज्येष्ठाला जे स्थान दिले गेले, ते स्थान येथे रिकामे होते.

तीन, शांतता आणि न्याय यांची फारकत करता येत नाही. जागेचा वाद असो वा दंगलीतील गुन्ह्यांचा खटला, त्याचा निकाल योग्य वेळी आणि योग्य मार्गाने लागला पाहिजे. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल येऊनही दोषींवर पुरेशी कारवाई झाली नाही, ही भावना पीडितांच्या मनात राहिली. ‘झाले गेले विसरा’ असे पीडिताला सांगणारी समिती लवकरच त्याचा विश्वास गमावते. फिर्याद नोंदविण्यास, नुकसानभरपाईचा अर्ज करण्यास आणि साक्षीस उभे राहण्यास मदत करणे हेही शांततेचेच काम आहे.

या संदर्भात महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा उल्लेख करावा लागेल. गावपातळीवर समित्या नेमून वाद सामोपचाराने मिटविणे हा तिचा हेतू होता आणि चांगले काम करणाऱ्या गावांना पुरस्कार दिले गेले. तिची मुख्य मर्यादा अशी की ती गावांसाठी होती. वर दिलेल्या आकडेवारीवरून स्पष्ट होते की दंगलीचा प्रश्न प्रामुख्याने शहरांचा आहे, आणि शहरातील मोहल्ल्यासाठी अशी व्यापक योजना उभी राहिली नाही.

आजचे एक उदाहरण

सर्व चित्र निराशेचे आहे असे मात्र नाही. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुंबईत खिलाफत कमिटीने ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले आणि शासनाने सुट्टीही २९ तारखेला दिली. २०२४ मध्ये हे सण एक दिवसाच्या अंतराने आले तेव्हा मिरवणूक १८ सप्टेंबरला निघाली. २०२५ मध्येही ती विसर्जनानंतर ८ सप्टेंबरला निघाली. गणेश विसर्जनाची गर्दी निर्विघ्न पार पडावी म्हणून एका समाजाने सलग तीन वर्षे आपली मिरवणूक पुढे ढकलली. या निर्णयासाठी न्यायालयात जावे लागले नाही की कोणावर सक्ती करावी लागली नाही. एकत्र बसून बोलण्याची सवय असली म्हणजे अवघड वाटणारा प्रश्न किती सहज सुटतो, हे यावरून दिसते. अशा समंजसपणाची परतफेड दुसऱ्या बाजूनेही होत राहिली पाहिजे, एवढीच अपेक्षा. सवलत नेहमी एकाच बाजूने दिली गेली तर तिचे ओझे होते.

समारोप

भिवंडीच्या प्रयोगातून निघणारे सूत्र साधे आहे. तणाव नसताना भेटत राहिलेली माणसेच तणावाच्या वेळी उपयोगी पडतात. हे काम पोलिसांचे, पुढाऱ्यांचे किंवा धर्मगुरूंचे आहे असे म्हणून शिक्षणसंस्थांना मोकळे होता येणार नाही. किंबहुना शहरात सर्व समाजांची माणसे रोज नियमाने एकत्र येतात असे ठिकाण आता शाळा-महाविद्यालयांखेरीज फारसे उरलेले नाही, आणि वस्त्या धर्मावर वेगळ्या होत गेल्यामुळे शाळाही आता एकाच समाजाच्या होऊ लागल्या आहेत.

आपल्या संस्थांना काही गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. पालक-शिक्षक संघाची बैठक शेजारच्या शाळेबरोबर मिळून घेता येईल. उर्दू माध्यमाच्या शाळेतील मुलांना चांगले मराठी, आणि सीमाभागात कन्नडही, बोलता यावे याकडे अधिक लक्ष देता येईल. ज्या शेजाऱ्याची भाषा येत नाही त्याच्याविषयीची अफवा खोडून काढता येत नाही. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी तो कोठून आला, केव्हाचा आहे आणि कोणी पाहिला, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय वर्गात लावता येईल. आपल्या भागातील पोलीस ठाण्याचा अधिकारी वर्षातून दोनदा महाविद्यालयात यावा आणि मुलांनी त्याला अवघड प्रश्नही विचारावेत. मोहल्ला समितीत काम केलेली, आता सत्तरी ओलांडलेली माणसे अनेक शहरांत हयात आहेत. त्यांच्या मुलाखती घेऊन नोंदी ठेवण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना देता येईल. भिवंडीत १९९२ च्या त्या रात्री कोण कोणत्या नाक्यावर उभे होते, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ते लिहून ठेवणे या वर्षीच सुरू झाले पाहिजे.